पातेल्यातले तीस फोन

माणसं एकतीस होती आणि पातेल्यात फोन तीस.

हर्षिताने दोनदा मोजले. पातेलं यामिनी काकूंचं होतं, पंचवीस-तीस जणांचा पुलाव मावेल एवढं, जाड बुडाचं, वर घट्ट बसणारं झाकण. गेले तीन महिने दर रविवारी ते शाळेच्या कॅफेटेरियात दाराजवळच्या टेबलावर येऊन बसायचं. आत येणाऱ्याने आधी आपला फोन त्यात टाकायचा, मग ‘जय भीम’ म्हणायचं, असा नियमच होऊन बसला होता. फोनमधून कुणी ऐकत असेल तर स्टीलच्या आत त्याला काही ऐकू जाणार नाही, शिवाय सिग्नलही अडतो, असं काकूंचं म्हणणं. पहिल्याच रविवारी पंचशील सुरू असताना पातेल्यातून कुणाची तरी रिंगटोन घुमली आणि सिग्नलचा मुद्दा निकालात निघाला. नियम मात्र टिकला.

एकतिसावा फोन लहूच्या खिशात होता.

“ऑफिसचा आहे यार, मी ऑन-कॉल असतो,” तो दर वेळी सांगायचा. “सर्व्हर पडला तर लगेच उत्तर द्यावं लागतं.”

हे खरं असू शकत होतं आणि खोटंही. हर्षिता बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करून प्रिन्स्टन जंक्शनजवळच्या एका लॅबमध्ये औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायची. दोन्ही शक्यता शेजारी शेजारी मांडून ठेवायची तिला सवय होती. पण वंदना सुरू झाली, सगळ्यांचे डोळे मिटले, तेव्हा तिने आपले किंचित उघडे ठेवले आणि लहूच्या खिशाकडे पाहिलं. आणखी दोन-तीन जण तेच करत होते.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरचं हे अभ्यासमंडळ साधंच होतं. वंदना, मग कुणाचं तरी व्याख्यान, मग घरून आणलेलं जेवण. बहुतेक जण विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेले आणि नोकरीमुळे इथेच राहिलेले. त्यांच्यात दबून बोलण्यासारखं काही नव्हतं. पावणेदोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशावर सही केली, तिथून सगळं बदललं. एखाद्याचा संशय आला की त्याच्या फोनच्या नोंदी, म्हणजे कुणाला फोन केला, कधी, किती वेळ, सरकारला न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय मागवता येतील, असा तो आदेश. नुसत्या त्याच्याच नव्हे, त्याच्या घरातल्या सगळ्यांच्या. वर्तमानपत्रांनी ओरड केली, सिनेटची चौकशी समिती बसली आणि लोक हळूहळू विसरू लागले.

अभ्यासमंडळाला विसरता येईना. आदेशानंतर त्यांच्यातल्या बावीस जणांनी विमानाने प्रवास केला होता. त्यांतल्या नऊ जणांना विमानतळावर दर वेळी बाजूला घेतलं जाऊ लागलं. बॅग पूर्ण रिकामी करायची, बूट काढायचे, आणि मग एक माणूस पडद्याकडे बघत विचारायचा, “तुमच्या घरात किती माणसं राहतात?” सगळ्यांना हाच प्रश्न. हर्षिता त्या नऊ जणांत होती. “एक,” ती म्हणाली होती. “एकच? नक्की?” असं म्हणून त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की घरी आल्यावर तिने कपाटाची दारंसुद्धा उघडून बघितली.

लहू क्युपर्टिनोहून इथे राहायला आला त्याच्या पुढच्याच महिन्यात पहिल्या माणसाला अडवलं होतं. तो दर महिन्याला विमानाने कॅलिफोर्नियाला जायचा आणि त्याला एकदाही कुणी हात लावला नव्हता. शिवाय तो सगळ्यांना विचारत सुटायचा: तुझं मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण, आडनाव पूर्ण काय.

“आणखी काय पुरावा पाहिजे?” प्रफुल्ल काका म्हणाले.

जेवणं आटोपून हर्षिता, काका आणि विनीता काकांच्या घरी डायनिंग टेबलाशी बसले होते. प्रफुल्ल काका यामिनी काकूंचे यजमान, पुलांची तपासणी करणारे इंजिनियर. कुठल्याही गोष्टीला तडा गेला असेल तर तो आपल्यालाच आधी दिसतो, अशी त्यांची समजूत. विनीता ट्रेंटनमधल्या एका नागरी हक्क संस्थेची वकील. तिचा जन्म इथलाच, मराठी आईकडून आलेलं. ती राष्ट्राध्यक्षांविरुद्ध दावा लावत होती आणि काका त्यात मुख्य वादी होते.

“जज एकच गोष्ट विचारणार,” विनीता म्हणाली. “तुमच्यावरच पाळत होती, हे कशावरून? सरकार हो पण म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. मग केस डिसमिस. गेल्या वर्षी अशा तीन केसेस गेल्या. प्रेसिडेंटला उत्तर द्यायला लावायचं तर आधी आपल्याला दाखवायला पाहिजे की आपल्याला काहीतरी झालंय. वी थिंक सो, हे चालत नाही.”

“म्हणून तर म्हणतोय, लहूचं नाव घाला,” काका म्हणाले. “आमच्यात माणूस पेरला होता. मी शपथेवर लिहून देतो.”

“काका, बाकी बारा जणांनाही अडवलेलं नाही,” हर्षिता म्हणाली.

“ते बारा जण प्रश्न विचारत फिरत नाहीत.”

“मीही विचारते.”

“तू आमच्या समोर वाढलीस.”

“पाच वर्षं झाली मला इथे येऊन. लहूला दीड.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप बशीत नीट मध्यभागी ठेवला. “पोरी, तुला नऊ जण दिसतायत की नाही? मग त्यांची नावं देणारा दहावा कोण, हे मला सांग.”

विनीताने तारीख सांगितली. पुढच्या सोमवारी कागद कोर्टात जाणार. त्यात काकांचं शपथपत्र आणि हर्षिताने केलेला आकड्यांचा तक्ता. तोपर्यंत दुसरं काही सापडलं नाही, तर काकांचं शपथपत्र आहे तसं जाईल. एकदा कोर्टात गेलं की ते जाहीर. लहूचं नाव टाकून शोधणाऱ्या कुणालाही, त्याच्या मॅनेजरला, त्याच्या घरमालकाला, सोलापूरला बसलेल्या त्याच्या आईला, तो सरकारचा खबऱ्या असल्याचं वाचता येईल.

“आणि तो नसला तर?” हर्षिताने विचारलं.

“तर त्याचं आयुष्य गेलं,” विनीता म्हणाली, “आणि आपली केसही. गव्हर्नमेंटचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ते फाडेल.”

आठवडाभर हर्षिता नऊ जणांत काय सारखं आहे ते शोधत होती. वय, व्हिसा, जिल्हा, नोकरी, कुठल्या गटात मेसेज येतात, कुठल्या वर्षी आले, कुठल्या विमान कंपनीने गेले, दान कुणाला दिलं, मागच्या जयंतीला कोण कोण भाषण करून गेलं. एकूण सव्वीस गोष्टी. एकीनेही नऊ एकीकडे आणि तेरा दुसरीकडे असे सरळ पडेनात. उपासना बोलते खूप, तिला अडवलं. राकेश तोंड उघडत नाही, त्यालाही अडवलं. ज्याने निदर्शनात राष्ट्राध्यक्षांच्या नावाने घोषणा दिल्या होत्या, तो मात्र चार वेळा आरामात फिरून आला होता.

सव्वीस गोष्टी फसल्यावर सत्ताविसावी डोक्यात घोळू लागली. या नऊ जणांशी लहू जास्त बोलला असेल का? तिने आठवून पाहिलं. बोलला होता, असं वाटत होतं. मग तिला स्वतःचाच राग आला, कारण उत्तर आधी ठरवून आठवायला बसलं की हवं ते आठवतं, हे ती लॅबमध्ये नव्या मुलांना शिकवायची.

गुरुवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये तिने लहूला पाहिलं. हातात पिशव्या, आणि तो उभ्या गाड्यांचा फोटो काढत होता. एक काढला, दोन पावलं मागे गेला, दुसरा काढला.

“काय करतोयस?” तिने मागून विचारलं.

तो दचकला. “अगं, काही नाही. गाडी कुठे लावली ते विसरतो मी. फोटो काढून ठेवतो.”

“पण तू तर आता निघालायस. पिशव्या हातात आहेत.”

“हो, आता… परत यायचंय. कोथिंबीर राहिली.”

“दाखव ना फोटो.”

त्याने फोन खिशात टाकला. “ऑफिसचा फोन आहे, हर्षिता. दुसऱ्या कुणाला देता येत नाही. पॉलिसी आहे.”

“मी हातात घेत नाही. तूच धर.”

“काय चाललंय तुझं?” तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू होतं, पण पातळ. “इन्स्पेक्टर झालीस का?”

“आणि तू सगळ्यांची गावं कशाला विचारतोस?”

आता तो खरंच लाजल्यासारखा झाला, किंवा तिला तसं वाटलं. “असंच,” म्हणाला आणि दुकानात शिरला. ती तिच्या गाडीत बसून राहिली. तो कोथिंबीर घेऊन बाहेर आला खरा, पण कोथिंबिरीची जुडी कुणीही विकत घेऊ शकतं. घरी जाऊन तिने विनीताला मेसेज लिहायला घेतला: ‘लहूबद्दल काकांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता’. इथवर लिहून तिला पुढे टक्केवारी घालता येईना, म्हणून तिने तो पाठवला नाही.

रविवारी पुन्हा पातेलं, पुन्हा वंदना. व्याख्यान राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांवर होतं आणि जरा लांबलं. संपल्यावर काकूंनी झाकण उचललं आणि नेहमीची झुंबड उडाली. हर्षिताने आपला फोन शोधून काढला. वरच्या कोपऱ्यात सिग्नलच्या जागी फुली होती.

“माझं नेटवर्क गेलंय,” शेजारून उपासना म्हणाली.

“माझंही,” पलीकडून राकेश.

“काकू, तुमच्या पातेल्याने शेवटी काम केलं,” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

“माझा तर चालू आहे.”

“माझाही चालू आहे. तुमची कंपनी भिकार असेल.”

तेवढ्यात प्रफुल्ल काकांनी फोन दोनदा झटकला, डोळ्यांजवळ नेला आणि कपाळावर हात मारला. “अरे बापरे! कार्ड! बँकेनं नवीन कार्ड पाठवलं आणि मी ते फोनच्या खात्यात बदललंच नाही. ऑटो-पे फेल झालं असणार. थांबा, थांबा, आज करतो. कुणीतरी मला इंटरनेट द्या रे.”

“सांगत होते, सांगत होते मी,” यामिनी काकू म्हणाल्या. “नवं कार्ड महिनाभर नुसतं खिशात घेऊन फिरतायत.”

लहूने आपल्या फोनवरून काकांना इंटरनेट जोडून दिलं. काका खुर्चीत बसून चष्मा वर करून कार्डाचे आकडे टाकू लागले. लोक पुलावाकडे वळले.

हर्षिता मात्र जागची हलली नाही. तिने खोलीभर नजर फिरवली. फोन हातात धरून वैतागलेली माणसं नऊ होती. उपासना. राकेश. काका. काकू. ती स्वतः. तिने उरलेले चार चेहरे पाहिले, आणि मग परत पहिल्यापासून पाहिले, कारण तिचा स्वतःवर विश्वास बसेना. विमानतळावर अडवलेले नऊ जण तेच होते. बावीस जणांतून डोळे मिटून नऊ उचलले तर नेमके हेच नऊ हाती येण्याची शक्यता पाच लाखांत एकाच्या आसपास.

यात नवल असं काही नव्हतंच. एका खात्यावर दहा नंबर घेतले की प्रत्येकाला स्वस्त पडतं. नवीन पोर विमानतळावर उतरलं की कुणीतरी काका त्याला आपल्या खात्यावरचा एक नंबर देतात. पोराला नोकरी लागते, त्याचं गाव बदलतं, लग्न होतं, नंबर तिथेच राहतो. हर्षितालाही तिच्या अमेरिकेतल्या दुसऱ्याच दिवशी काकांनी सिमकार्ड दिलं होतं. वर्षातून एकदा पैसे पाठवायचे की विषय संपला. तिने तपासलेल्या सव्वीस गोष्टींत ही नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. आणि फोन कंपनीच्या नोंदीत मात्र हे सगळे एका पत्त्यावर राहणारे, एकाच घरातले होते.

ती काकांजवळ जाऊन बसली. “काका, तुमच्या खात्यावर किती नंबर आहेत?”

“दहा. का गं?”

“नऊ इथे आहेत. दहावा कोण?”

काकांनी आठवायला वेळ घेतला. “क्युपर्टिनोत एक मुलगा आहे, आर्य. काकूंच्या भाच्याचा रूममेट होता. भाचा परत गेला इंडियात, ती लाइन आर्यने घेतली. दर जानेवारीला पैसे पाठवतो बिचारा.”

“तो कधी आपल्या मंडळात आलाय? ऑनलाइन तरी?”

“छे! तो कोण, मी कोण. मी त्याला पाहिलेलंही नाही.”

“त्याला फोन लावूया.”

“कसा लावणार? त्याचाही बंद पडला असणार.”

लहू पलीकडे बसून ऐकत होता. “व्हॉट्सअ‍ॅपवरून लाव. काकांच्या फोनला माझं नेट जोडलेलंच आहे,” तो म्हणाला. क्षणभर तिला वाटलं, हे याच्या फोनमधून जावं का? मग तिने काकांच्या फोनवरून लावला.

आर्य घरीच होता. “काका, लाइन डेड झालीय!” उचलताच तो म्हणाला.

“मी हर्षिता बोलतेय, वेस्ट विंडसरहून. काका कार्ड बदलतायत, होईल चालू. एक विचारायचं होतं. गेल्या वर्षभरात विमानाने कुठे गेला होतास?”

“हो, दोन-तीनदा. व्हाय?”

“काही त्रास झाला?”

“हू इज दिस, रिअली?” त्याचा आवाज बदलला होता.

“मलाही अडवतात,” ती म्हणाली. “म्हणून विचारतेय.”

“तिन्ही वेळा साइडला घेतलं यार. फुल बॅग ओपन. आणि एक वीअर्ड क्वेश्चन विचारतात, घरात किती लोक राहतात. मी म्हटलं दोन. तर तो हसला.”

त्याच दुपारी विनीताला बोलावून घेतलं. काकांच्या डायनिंग टेबलाशी तेच तिघं, आणि या वेळी यामिनी काकूही. हर्षिताने सगळं सांगितलं, मग म्हणाली, “लहूचा याच्याशी संबंध नाही. त्याचा फोन कंपनीचा आहे, तो या खात्यावर नाही. त्यांनी संशय एकावर घेतला आणि खात्यावरची दहाही माणसं त्याच्या घरातली धरली. आता प्रश्न एवढाच की तो एक कोण.”

काका उठून पाणी प्यायला गेले. ग्लास भरून नळ बंद केला, तरी तिथेच उभे राहिले.

काकूंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. “काय केलंत?”

“काही नाही.”

“प्रफुल्ल.”

लग्नाला तीस वर्षं झाली होती. काकूंनी त्यांना नावाने हाक मारलेली हर्षिताने पहिल्यांदाच ऐकली.

“समितीला फोन केला होता,” काका म्हणाले. “सिनेटच्या. लोकांनी या आदेशाबद्दलची आपली मतं सांगावीत म्हणून त्यांनी एक नंबर दिला होता. रेकॉर्ड करून घ्यायचे. पण दोन मिनिटांत मशीन बंद व्हायचं, आणि माझे मुद्दे अकरा होते.”

“मग?”

“मग सहा फोन केले. शेवटच्यात सारांश सांगितला.”

“घरात हा माणूस दोन वाक्यं सलग बोलत नाही,” काकू विनीताला म्हणाल्या. मग काकांकडे वळून, “सिटिझनशिपचा अर्ज आत पडलेला असताना?”

“म्हणूनच तुला सांगितलं नाही.”

“केव्हा केलेत हे फोन?” विनीताने विचारलं.

“गेल्या वर्षी मार्चमध्ये.”

पहिल्या माणसाला एप्रिलमध्ये अडवलं होतं. लहूही मार्चमध्येच इथे आला होता.

विनीताने पेन खाली ठेवलं. “माय गॉड. म्हणजे प्रेसिडेंटच्या ऑर्डरची चौकशी करणाऱ्या कमिटीला ज्यांनी फोन केला, त्यांच्यावरच ती ऑर्डर…”

“एका खात्यावरून एवढं म्हणता येत नाही,” हर्षिता म्हणाली. “काकांना दुसऱ्या कशासाठीही धरलं असेल. आणखी माणसं पाहिजेत. फोन केलेली आणि न केलेली.”

“आपण पेपरात अपील करू, फोन केलेल्यांनी पुढे या.”

“नको. स्वतःहून येतील ते बहुतेक अडवलेलेच असतील. ज्याला काही झालं नाही तो कशाला येईल? समितीकडे फोनची नोंद असेल ना? त्यातून समितीनेच चिठ्ठ्या टाकून नावं काढायची आणि त्यांना परवानगी विचारायची.”

“दॅट टेक्स मंथ्स.”

“लागू देत.”

“सोमवारी काहीतरी फाइल करावंच लागेल. काकांचं नवीन शपथपत्र. खरं असलेलं,” विनीता म्हणाली. “सहा कॉल्स, शेअर केलेलं अकाउंट, सगळं. काका, तुमच्या सिटिझनशिपचं काय होईल हे मी सांगू शकत नाही. नाही म्हणालात तर मी समजू शकते.”

काका ग्लास घेऊन टेबलाशी आले.

“लहूचं नाव लिहून द्यायला हात थरथरला नव्हता,” यामिनी काकू म्हणाल्या. “आता स्वतःचं लिहा.”

काकांनी लिहिलं. सोमवारी तो कागद कोर्टात गेला आणि त्यात लहूचं नाव नव्हतं.

लहूला हे आपणच सांगायचं, असं हर्षिताने ठरवलं. त्याच्या अपार्टमेंटखालच्या बाकावर दोघं बसले. तिने काही गाळलं नाही.

“म्हणजे मी गुप्तहेर,” लहू म्हणाला. “पगार किती धरला होता माझा?”

“तो विषय निघाला नाही.”

“फुकटात? वा.” तो समोरच्या गाड्यांकडे वळला. “पार्किंगमधला फोटो सांगू? माझ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं होतं. इन्शुरन्ससाठी काढत होतो. तुला सांगितलं असतं तर रविवारी सगळ्यांनी विचारलं असतं, कारण ती गाडी मी दोनदा स्वतःच ठोकलीय. म्हणून म्हटलं विसरतो.”

“आणि गावं?”

“आई स्थळ शोधतेय. कोण कुठली, कुणाची बहीण, घरचे कोण, सगळं कळवावं लागतं. काळजी करू नकोस, तुझंही कळवलं होतं. आईला पसंत पडली नाहीस.”

“का?”

“म्हणाली, फार प्रश्न विचारते असं ऐकलंय.”

हर्षिताला हसू आलं. तो हसला नाही.

“तीस माणसं, हर्षिता. एकानेही मला तोंडावर विचारलं नाही. तू फोटोबद्दल विचारलंस, त्याबद्दल नाही.”

तिने वेगळंच सांगितलं: पुढच्या कामासाठी लोकांना फोन करून प्रश्न विचारणारी माणसं लागतील, आणि समोरच्याने समितीला फोन केला होता की नाही हे विचारणाऱ्याला ठाऊक असता कामा नये. “त्या खात्यावर नसलेला, आकड्यांशी ज्याचा काही संबंध नाही असा माणूस पाहिजे.”

“खबऱ्याला काम देतेस.”

“प्रश्न चांगले विचारतोस म्हणून.”

तो कामाला लागला. समितीने चिठ्ठ्या टाकून नावं काढली, त्याच गावांतून फोन न केलेली आणि साधारण तेवढाच विमानप्रवास करणारी तेवढीच माणसं जोडीला घेतली. लहू आणि आणखी चार जणांनी हिवाळाभर फोन करून सगळ्यांना तेच सहा प्रश्न विचारले. काम त्याने चोख केलं. रविवारी मात्र तो पुन्हा कधी आला नाही. काका एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आले. काय बोलणं झालं, ते दोघांनीही सांगितलं नाही. नागरिकत्वाची मुलाखत पुढे ढकलल्याचं पत्र काकांना त्याच हिवाळ्यात आलं. पत्रात कारण दिलेलं नव्हतं.

सुनावणी ट्रेंटनच्या कोर्टात एप्रिलमध्ये झाली. दाव्यात प्रतिवादी म्हणून पहिलं नाव राष्ट्राध्यक्षांचं होतं. ते अर्थातच तिथे नव्हते. त्यांच्या जागी तीन वकील बसले होते. त्या दिवशी ठरायचं होतं ते एवढंच, की राष्ट्राध्यक्षांना या दाव्याला उत्तर देणं भाग आहे की दावा इथेच संपतो.

सरकारच्या वकिलाने हर्षिताची उलटतपासणी नम्रपणे सुरू केली.

“मिस तायडे, त्या खात्यावर तुमचाही नंबर होता ना?”

“होता.”

“तुम्हालाही विमानतळावर थांबवलं होतं?”

“हो.”

“म्हणजे या निष्कर्षात तुमचा स्वतःचा संबंध आहे.”

“आहे. म्हणून मी आणि त्या खात्यावरचे बाकी नऊ जण मोजणीतून वगळले आहेत.”

वकिलाने कागद उलटला. “विमानतळावर तर हजारो लोकांना थांबवतात. योगायोगानेही थांबवतात. तुमच्या या लोकांना आधीपासूनच जास्त थांबवत नसतील कशावरून?”

“ते मोजलं आहे,” हर्षिता म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “मग आकडेच सांगा. दोन्ही गटांचे, आधीचे आणि नंतरचे. सावकाश.”

हर्षिताने कागदाकडे पाहिलं नाही.

“प्रत्येक गटात एकशे शहाऐंशी माणसं. समितीला फोन करण्याआधीच्या वर्षात फोन करणाऱ्यांपैकी पाच जणांना थांबवलं होतं, न करणाऱ्यांपैकी सहा जणांना. फोन केल्यानंतरच्या वर्षात फोन करणाऱ्यांपैकी एकशे एकवीस जणांना, न करणाऱ्यांपैकी सात जणांना.”